इंग्लिश, देशी आणि गावठी : रमच्या इतिहासातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "विषय तर आहे, पण प्रश्न कसा काढायचा?" आज एक उदाहरण घेऊन पाहू. विषय आहे रम. हसू नका. अबकारी इतिहास हे गंभीर क्षेत्र आहे. त्यात शेती, जात, कर, कायदा आणि स्त्रियांचे लढे असं सगळं येतं.

आपल्या वऱ्हाडातल्या एखाद्या गावापासून सुरुवात करू. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं इंझोरी घ्या. या भागात कुठेही दारूचा विषय काढा, लोक तीन नावं घेतात : 'इंग्लिश', 'देशी' आणि 'गावठी'. रम, व्हिस्की, ब्रँडी हे सगळं इंग्लिश. सरकारमान्य दुकानातली संत्र्याच्या वासाची बाटली म्हणजे देशी. आणि मोहाची किंवा काळ्या गुळाची हातभट्टीची ती गावठी. नावं तीन, म्हणून वस्तूही तीन, असं आपण धरून चालतो.

संशोधकाने इथेच थांबून विचारायचं असतं : हा फरक वस्तूतला आहे, की फक्त नावातला? नावातला असेल तर ही नावं दिली कोणी?

रम म्हणजे नेमकं काय?

आधी व्याख्या करू. रम म्हणजे उसापासून मिळणाऱ्या पदार्थाची दारू. उसाचा रस, काकवी, गूळ किंवा साखर कारखान्यातली मळी, यांपैकी काहीही आंबवायचं आणि मग गाळायचं, म्हणजे ऊर्ध्वपातन करायचं. जगातली बहुतेक रम मळीपासून होते.

मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, चिकट द्रव. त्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही, पण यीस्टला पुरेल इतकी साखर त्यात शिल्लक असते. हिशोब ढोबळ आहे, पण लक्षात ठेवा : एक टन उसातून साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि एक टन मळीतून साधारण २२० ते २५० लिटर मद्यार्क. म्हणजे एका टन उसामागे जेमतेम दहा लिटर. आपल्याकडच्या नेहमीच्या तीव्रतेला आणलं, तर ७५० मिलीच्या तीसेक बाटल्या झाल्या.

आता गंमत पाहा. महाराष्ट्रात देशी दारूसाठीचा मद्यार्कही मोठ्या प्रमाणात याच मळीतून येत आला आहे. भारतात 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी स्वस्त बाटल्यांचा पायाही मळीचाच मद्यार्क असतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हिस्की धान्याचीच असावी लागते, त्यामुळे अशा बाटल्यांना तिथे ते नाव लावता येत नाही. म्हणजे इंझोरीतल्या एका माणसाच्या हातातली 'इंग्लिश' आणि शेजाऱ्याच्या हातातली 'देशी' एकाच टाकीतून निघालेली असू शकते.

आणि गावठीचं काय? काळा गूळ आंबवून गाळलेली हातभट्टी ही उसाच्या पदार्थाचीच दारू आहे. वरची व्याख्या काटेकोर लावली, तर ती रमच्या कुळातलीच ठरते. मोहाची मात्र वेगळी, कारण ती फुलांची.

थोडक्यात, वस्तूच्या अंगाने पाहिलं तर रेघ एका ठिकाणी पडते आणि नावांच्या अंगाने पाहिलं तर दुसऱ्याच ठिकाणी. या दोन रेघांमधल्या जागेत आपला प्रश्न आहे.

पुस्तकातली नेहमीची कहाणी

रमचा इतिहास वाचायला घेतला की कॅरिबियन बेटं येतात. सतराव्या शतकात बार्बाडोसमध्ये इंग्रजांनी उसाचे मळे उभे केले. मळीचं करायचं काय, या अडचणीतून तिथे दारू गाळली जाऊ लागली आणि त्या शतकाच्या मध्याला 'रम' हा शब्द कागदोपत्री दिसू लागला. उसाचे मळे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत आणि गुलामांच्या खरेदीतही रम मोबदला म्हणून दिली जाई. हा भाग गाळून रमचा 'रंजक इतिहास' सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. ती सावधपणे वाचा.

इंग्लंडच्या नौदलाने १७३१ मध्ये खलाशांचा रमचा रतीब नियमात बसवला. १७४० मध्ये अ‍ॅडमिरल व्हर्ननने त्यात पाणी मिसळायचा हुकूम काढला. तो रतीब बंद झाला ३१ जुलै १९७० रोजी, म्हणजे अगदी परवा म्हणावं इतक्यात.

या कहाणीत मराठी माणूसही आहे. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर १८३४ पासून मॉरिशसच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळख जपून आहेत. म्हणजे रमच्या इतिहासात आपण फक्त पिणारे नाही, ऊस तोडणारेही आहोत. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. यावर स्वतंत्र प्रबंध होऊ शकतो.

बार्बाडोसच्या आधी आपल्याकडे काय होतं?

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरेचे तीन प्रकार येतात : गौडी, पैष्टी आणि माध्वी. गौडी म्हणजे गुळाची. पण ही सुरा नुसती आंबवलेली होती, की गाळलेलीही? प्राचीन भारतात ऊर्ध्वपातन होतं का, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. त्यामुळे 'गौडी म्हणजेच रम' असं लिहू नका.

भक्कम पुरावा हवा असेल तर सोळाव्या शतकाच्या अखेरीस या. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त उसाच्या दारूची सविस्तर कृती आहे. एक मण उसाला दहा शेर बाभळीची साल कुटून घालायची, तिप्पट पाणी ओतायचं, मोठे रांजण भरून जमिनीत पुरायचे आणि भोवती घोड्याची सुकी लीद रचायची. सात ते दहा दिवसांत आंबतं. उसापेक्षा काळी साखर बरी, असंही तो सांगतो. मग गाळण्याची रीत : पितळी भांड्यात हे आंबवण, आत न हलणारा एक पेला, वर उलटं झाकण, सांध्याला माती. झाकणावर थंड पाणी ओतायचं, खाली जाळ करायचा, पाणी तापलं की बदलायचं. वाफ थंड झाकणाला लागून थेंब थेंब पेल्यात पडते. या थेंबांना तो 'अर्क' म्हणतो.

मोहाची भट्टी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. खाली जाळ, वर पाणी, सांध्याला माती.

आता हा मजकूर बार्बाडोसच्या रमपेक्षा सुमारे अर्धशतकाने जुना आहे. लगेच 'रमचा शोध भारतात लागला' अशी पोस्ट टाकायचा मोह होतो. टाकू नका. अबुल फजलच्या माणसांनी त्याला रम म्हटलं नाही आणि बार्बाडोसच्या मळेवाल्यांनी 'ऐन' वाचली नव्हती. एकच तंत्र दोन ठिकाणी वेगवेगळ्या कारणांनी वापरात येऊ शकतं. इकडे घरगुती किंवा बाजारची भट्टी, तिकडे निर्यातीचा धंदा. 'आधी कोणी?' हा प्रश्न शर्यतीचा आहे. 'कोणाला गाळायची मुभा होती?' हा इतिहासाचा.

मुभा कोणाला? अबकारीचा काळ

इंग्रज सरकारला दारूतून महसूल हवा होता. गावोगाव भट्ट्या असतील तर कर गोळा करणं अवघड. म्हणून धोरण असं ठरत गेलं की गाळणं मोजक्या ठिकाणी, विकणं मक्तेदाराकडून आणि बाकी सगळं बेकायदा. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा याच दिशेने आला. उरणच्या भट्ट्यांत पारशी व्यावसायिक मोहाची दारू गाळत आणि त्यासाठी फुलं थेट पंचमहालातून येत. पुढे १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा भागासाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. विचार करा : दारू राहू द्या, झाडाखाली पडलेलं फूल घरात साठवणं हाच गुन्हा. आदिवासी घरात तेच फूल उन्हाळ्याचं अन्नही होतं.

यावर दोन लेख जरूर वाचा. डेव्हिड हार्डिमन यांचा दक्षिण गुजरातवरचा लेख 'सबाल्टर्न स्टडीज'च्या चौथ्या खंडात आहे. इंद्रा मुन्शी सालढाणा यांचा ठाणे जिल्ह्यावरचा लेख १९९५ च्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आहे. रूढीचा गुन्हा कसा होतो, ते या दोन्हींत स्पष्ट दिसतं.

पण थांबा. इंझोरीवर लिहिताना हा मुंबईचा कायदा जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतंच. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे गेला. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. जिल्ह्याचंही तसंच. वाशीम, तेव्हाचा 'बासीम', हा जिल्हा १९०५ मध्ये मोडला, त्याचा बराच भाग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा स्वतंत्र झाला.

म्हणजे गाव जागचं हललं नाही, पण त्याचे कागद हैदराबाद, नागपूर, मुंबई असे फिरले. अभिलेखागारात जाण्याआधी हा तक्ता स्वतःच्या गावासाठी करून घ्या. नाहीतर नागपूरच्या फायली मुंबईत शोधत बसाल.

वऱ्हाडात दारू मोहाची. गाळणारा समाज कलाल किंवा कलार. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात या समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचा, पण लिहिणारा कोण होता हेही लक्षात ठेवा. 'अमुक जात दारूबाज' असं वाक्य गॅझेटियरमध्ये दिसलं, की ते निरीक्षण आहे, की महसूल बुडाल्याची तक्रार, हे विचारायचं.

'देशी' कधी जन्मली?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. विदर्भात त्याआधी मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९३८ चा वेगळा दारूबंदी कायदा होता. राज्यं जोडली गेल्यावर, १९५९ च्या दुरुस्तीने मुंबईचा कायदा इकडेही आला. तोच आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. हो, कागदोपत्री आपण अजून 'दारूबंदी'च्या कायद्याखाली आहोत. म्हणून तर पिण्याचा परवाना ही चीज शिल्लक आहे.

मग आले महाराष्ट्र देशी दारू नियम, १९७३. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पलीकडच्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. या नियमांतली 'देशी' म्हणजे गावात गाळलेली नव्हे. परवाना असलेल्या कारखान्यात मद्यार्कापासून बनवलेली, बाटलीत भरून सीलबंद विकलेली दारू ती देशी. खरी गावात होणारी, ती बेकायदा. शब्द पाहा कसा उलटला! जे या मातीतलं, ते देशी राहिलं नाही आणि जे कारखान्यातलं, ते देशी झालं.

दुसऱ्या बाजूला 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' हा शब्दप्रयोग. भारतात बनलेलं आणि तरी विदेशी! रम या खान्यात बसते. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला ऊस, तिथल्याच कारखान्याची मळी, तिथलाच कामगार, पण बाटली 'विदेशी'.

पुराव्याला बाटलीवरचा एक आकडाही घ्या : ४२.८ टक्के. इतका अडनिडा आकडा का? जुन्या ब्रिटिश मोजणीत ५७.१५ टक्के मद्यार्क म्हणजे '१०० प्रूफ'. त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे '७५ प्रूफ' किंवा '२५ अंडर प्रूफ', हे होतात ४२.८. कर आकारण्यासाठी केलेली ही मोजपट्टी. साम्राज्य गेलं, पण त्याची फूटपट्टी लेबलवर राहिली. पुरावा नेहमी अभिलेखागारातच असतो असं नाही, कधीकधी तो पानटपरीमागच्या उकिरड्यावरही पडलेला असतो.

प्रकार आणि आस्वाद

विषयाचा अभ्यास करणाऱ्याला प्रकार माहीत हवेत. ढोबळ चार घराणी सांगता येतील. जमैका-गयाना-बार्बाडोसची इंग्रजी वळणाची रम गडद आणि भरदार असते. क्युबा-पोर्तो रिकोकडची स्पॅनिश वळणाची हलकी. फाकुंदो बकार्डीने १८६२ मध्ये सांतियागो दे क्युबा इथे सुरू केलेला धंदा याच वळणाचा. मार्टिनिकची फ्रेंच वळणाची रम मळीऐवजी ताज्या उसाच्या रसाची, म्हणून तिला हिरवट, गवताळ वास. आणि ब्राझीलची 'कशासा', तीही रसाचीच, पण तिथले लोक तिला रम म्हणवून घेत नाहीत. पाहा, नावाचं राजकारण तिकडेही आहे.

चवीतला फरक भट्टीतूनही येतो. साध्या भांड्याच्या भट्टीत वासाची द्रव्यं दारूबरोबर येतात. इनीस कॉफीने १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या उभ्या स्तंभाच्या भट्टीत ती बरीचशी मागे राहतात आणि जवळजवळ बेचव, शुद्ध मद्यार्क मिळतो. आपल्याकडच्या स्वस्त बाटल्यांत असा मद्यार्क, करपवलेल्या साखरेचा रंग आणि स्वाद एकत्र येतात. गडद रंग म्हणजे जुनी रम, हा समज म्हणूनच फसवा. मुरवण्याने रंग येतो हे खरं, पण रंगावरून मुरवण कळत नाही.

भारतातली सर्वांत लाडकी रम म्हणजे ओल्ड मंक. मोहन मीकिन कंपनीने ती १९५४ मध्ये आणली. कंपनीचं मूळ एडवर्ड डायरने १८५५ मध्ये कसौलीला काढलेल्या ब्रुअरीत आहे. हा एडवर्ड म्हणजे जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा बाप. अलीकडे गुळाची रम वापरणाऱ्या किंवा गोव्यात बनणाऱ्या भारतीय रमही बाजारात आल्या आहेत. गौडीची आठवण यावी असा हा वळसा.

गावात रम पोचली ती बऱ्याचदा फौजेच्या वाटेने. सुट्टीवर आलेल्या किंवा निवृत्त जवानाच्या कँटीनच्या कोट्यातली बाटली म्हणजे 'मिलिटरीची रम'. तिला गावात मान असतो. थंडीत गरम पाण्यातून घोटभर घेणं, सर्दीवर 'औषध' म्हणून चमचाभर देणं, गोव्यात नाताळच्या केकसाठी सुका मेवा रममध्ये भिजवणं, हे सगळं आस्वादाच्या इतिहासात मोडतं. तेवढं मात्र ध्यानात घ्या : रमने ऊब वाटते ती कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्याने. प्रत्यक्षात शरीर आतली उष्णता गमावत असतं. आणि महाराष्ट्रात रमसाठी कायदेशीर वय २५ आहे, हेही वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी लक्षात ठेवावं.

मग संशोधनाचा प्रश्न कुठला?

'वाशीम जिल्ह्यातील दारूचा इतिहास' हा विषय झाला. तो प्रश्न असा करता येईल : 'एकाच कच्च्या मालाच्या दारूला कायद्याने वेगवेगळी नावं दिली, तेव्हा वऱ्हाडातल्या कोणत्या समाजांचा धंदा कायदेशीर राहिला आणि कोणाचा गुन्हा ठरला?' यात काळ आहे, जागा आहे, तुलना आहे आणि उत्तर चुकीचं ठरण्याची शक्यताही आहे. शेवटची गोष्ट महत्त्वाची. ज्या प्रश्नाचं उत्तर चुकूच शकत नाही, तो प्रश्न नाही, घोषणा आहे.

साधनं कुठली? ए. सी. लायल यांचं १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटियर, १९१० चं अकोल्याचं गॅझेटियर, नागपूरच्या अभिलेखागारातल्या अबकारी फायली आणि स्थानिक वर्तमानपत्रं. बातम्यांची भाषा नीट वाचा. इकडे 'मोहसडवा नष्ट' असं येतं, पश्चिम महाराष्ट्रात 'गूळमिश्रित रसायन जप्त'. तोच आंबवलेला माल कारखान्यात असेल तर ती 'प्रक्रिया' आणि डब्यात असेल तर 'सडवा'.

आता सगळ्यात जोखमीची बाब, मुलाखती. हातभट्टीवरचे गुन्हे आजही दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली दाखल होतात. भट्टी लावणारी बाई तुमच्याशी विश्वासाने बोलली, तुम्ही प्रबंधात गावाचं नाव, वस्ती आणि 'एक विधवा, तीन मुलं' एवढंच लिहिलंत, तरी गावात तिला कोणीही ओळखेल. तुमची पदवी होईल आणि तिच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहील. म्हणून नाव बदलून भागत नाही, ओळखीची खूण पुसावी लागते. गरज पडली तर चांगला तपशीलही सोडून द्यावा लागतो. संमती घेताना हा धोका तिला तिच्या बोलीत सांगा.

उलट टोकालाही जाऊ नका. गावठी म्हणजे 'आपली शुद्ध परंपरा' असा गोडवा गाऊ नका. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक माणसं गेली. ते विष आंबवण्यातून आलं नव्हतं, ते मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलमधून आलं होतं. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या, विशेषतः बायांच्या, आंदोलनामुळे. दारूमुळे कोणाचं घर मोडलं हे त्या बायांना गॅझेटियरपेक्षा जास्त माहीत होतं. भट्टी लावून पोट भरणारी बाई आणि बाटली फोडणारी बाई, दोघींचं म्हणणं तुमच्या प्रबंधात मावलं पाहिजे. कधीकधी त्या एकाच वस्तीतल्या असतात.

आता एक काम करा. आपल्या गावात दारूला जितकी नावं आहेत तितकी लिहून काढा. प्रत्येक नावापुढे तीन रकाने करा : कशापासून बनते, कोण बनवतं आणि कायदा तिला काय म्हणतो. जिथे पहिला रकाना सारखा आणि तिसरा वेगळा येईल, त्या ओळीखाली रेघ मारा. सिनॉप्सिसची सुरुवात तिथून करा.